राजकीय तत्त्वज्ञानाची जर्नल्स : विषय, प्रभाव आणि नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

गंगापूर रोडवरच्या एका घरात आम्ही काही जण महिन्यातून दोन रविवारी जमतो आणि राजकीय तत्त्वज्ञानातला एखादा शोधनिबंध ओळीनं वाचतो. एम. ए.ची मुलं असतात, सेट-नेटची तयारी करणारे असतात. जिल्हा न्यायालयातले दोन वकील, एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि शेतीच्या कामातून सवड मिळाली की निफाडकडून येणारे एक काका असतात. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे जर्नल (म्हणजे शोधनिबंध छापणारं नियतकालिक), त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर, पेपर कुठे टाकायचा, असे प्रश्न माझ्याकडे येतात. बहुतेक प्रश्न तेच असतात आणि उत्तरं मात्र घाईत, चहा पिता पिता दिली जातात. म्हणून एकदा नीट बसून लिहून काढली.

राजकीय तत्त्वज्ञानाचं जर्नल राज्यशास्त्राच्या जर्नलपेक्षा वेगळं कसं?

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. दिंडोरी लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. तिथे कोण निवडून आलं, मतं कशी फुटली, राखीव जागांमुळे आदिवासी गावांच्या वाट्याला निधी जास्त आला का, हे राज्यशास्त्राचे प्रश्न झाले. त्यांची उत्तरं आकडेवारीतून, मुलाखतींतून मिळतात. राजकीय तत्त्वज्ञान एक पायरी खाली उतरतं. आदिवासींचं प्रतिनिधित्व आदिवासी माणसानंच करावं, असं आपण का मानतो? त्याचा अनुभव दुसऱ्याला कळूच शकत नाही म्हणून? की सभागृहात त्याचं असणं हाच सन्मान आहे म्हणून? ही दोन कारणं वेगळी आहेत आणि एक मान्य करून दुसरं नाकारता येतं. अशा कारणांची फोड करणं, ती टिकतात का ते तपासणं, हे या जर्नल्सचं काम. तिथल्या लेखात तक्ते क्वचितच दिसतात. असतो तो युक्तिवाद, त्यावरचे आक्षेप आणि त्या आक्षेपांना दिलेली उत्तरं.

त्यात साधारण कोणते विषय येतात?

गेल्या पन्नास वर्षांतला सगळ्यात मोठा धागा न्यायाचा आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांचा न्यायावरचा ग्रंथ १९७१ साली आला. समाजातली संपत्ती, संधी आणि हक्क यांची वाटणी कोणत्या तत्त्वानं व्हावी, हा प्रश्न त्यानंतर मध्यभागी आला तो आलाच. अमर्त्य सेन यांनी १९७९ मध्ये ‘समता कशाची?’ असा प्रश्न विचारून त्या वादाला वेगळं वळण दिलं. पैसा सारखा वाटायचा, की माणसाला प्रत्यक्षात काय करता येतं ते पाहायचं? गरोदर बाई आणि तरणाबांड गडी यांना सारखंच धान्य दिलं तर समता झाली का? अमेरिकन तत्त्वज्ञ एलिझाबेथ अँडरसन यांनी १९९९ मध्ये ‘एथिक्स’ या जर्नलमध्ये लिहून आणखी पुढचा मुद्दा मांडला : समतेचा गाभा वाटणीत नसून, कुणाला कुणापुढे मान खाली घालावी लागू नये यात आहे. जात पाहिलेल्या आपल्या वाचकाला हा लेख फार जवळचा वाटतो. आमच्या गटात तो तीन रविवार चालला.

त्याखेरीज स्वातंत्र्य म्हणजे काय, बहुमताचा अधिकार कुठपर्यंत, कायदा पाळायचं बंधन कुठून येतं, युद्ध कधी न्याय्य ठरतं, सीमा ओलांडून येणाऱ्यांना अडवण्याचा हक्क देशाला आहे का, हे जुनेजाणते विषय आहेत. अलीकडे हवामानबदलाचा भार कोणी उचलायचा, जन्माला न आलेल्या पिढ्यांचं आपण काही देणं लागतो का, सरकारी निर्णय संगणकाच्या हाती द्यावेत का, यांवरचे लेख वाढलेत. २०२७च्या सिंहस्थासाठी तपोवनातल्या झाडांवर कुऱ्हाड चालवावी का, यावर आपल्या शहरात जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी हाच पिढ्यांचा प्रश्न आहे. एका पर्वणीची सोय आणि पन्नास वर्षांची सावली एकाच तराजूत कशी तोलायची?

काळाराम मंदिराच्या सत्याग्रहासारख्या विषयाला तिथे जागा आहे का?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न आहे, म्हणून थोडं विस्तारानं लिहितो.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाड आणि हजारो सत्याग्रहींच्या साथीनं, काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. मिरवणूक मंदिरापाशी पोचली तेव्हा दरवाजे बंद होते. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. पुढे जवळपास पाच वर्षं हा लढा चालू राहिला. पूर्व दरवाजापाशी उभं राहिलं की आजही मला पहिल्यांदा आठवतात ती दारं. आत काय आहे ते मागून.

आता तत्त्वज्ञानाकडे या. सविनय कायदेभंगाची जी व्याख्या जगभरच्या जर्नल्समध्ये सर्वाधिक चर्चिली गेली ती रॉल्स यांची. त्यांच्या मते ही कृती उघड असते, अहिंसक असते, सदसद्विवेकातून येते, कायद्याच्या विरोधात असते आणि कायदा किंवा सरकारी धोरण बदलावं हा तिचा हेतू असतो. ती बहुसंख्याकांच्या न्यायबुद्धीला साद घालते. आणि समाज बऱ्याच अंशी न्याय्य आहे, हे त्यात गृहीत धरलेलं असतं.

ही व्याख्या काळारामला लावून पाहा. उघडपणा आहे, अहिंसा आहे, सदसद्विवेक तर आहेच. पण भांडण थेट सरकारच्या कायद्याशी नव्हतं. ते रूढीशी आणि रूढीचा पहारा करणाऱ्यांशी होतं. समाज ‘बऱ्याच अंशी न्याय्य’ होता असं कोण म्हणेल? बहुसंख्याकांच्या न्यायबुद्धीला साद घातली, पण आतून दगड आले. आणि त्याहून मोठी गोष्ट : १९३४ मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात सत्याग्रह थांबवण्याचा सल्ला देताना स्पष्ट केलं, की आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा लढा उभारलेला नव्हता. आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, लोक पेटून उठावेत, हा उद्देश होता. म्हणजे साद प्रतिपक्षाला होती त्याहून जास्त स्वकीयांना होती. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ला, आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली.

इथे व्याख्याच अपुरी पडते आणि हेच शोधनिबंधाचं बीज असतं. प्रतिकाराचा श्रोता कोण, ज्याच्याविरुद्ध प्रतिकार आहे तो, की प्रतिकार करणारा स्वतः? हा प्रश्न घेऊन नाशिकच्या मुलानं किंवा मुलीनं लेख लिहिला तर कुठल्याही चांगल्या संपादकाला तो वाचावासा वाटेल. मात्र ‘सत्याग्रहाचा इतिहास’ लिहून पाठवला तर तो इतिहासाच्या जर्नलकडे जायला हवा. घटना सांगणं आणि घटनेनं सिद्धान्ताला अडचणीत आणणं, यातला फरक मी मुलांना वारंवार सांगतो.

दुसरं उदाहरण २०१८च्या किसान लाँग मार्चचं. ६ मार्चला नाशिकहून निघालेले शेतकरी, त्यातले कितीतरी सुरगाणा-पेठकडचे आदिवासी, सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत पोचले. रविवारी सोमय्या मैदानावर टेकलेले हे लोक, सकाळी दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण होऊ नये म्हणून, रात्रीच उठून आझाद मैदानाकडे चालू लागले. पायाला फोड आलेले, चपला फाटलेले. आंदोलक त्रयस्थ माणसाचं काय देणं लागतात, यावर तत्त्वज्ञानात बरंच लिहिलं जातं. आपल्याकडे त्याचं उत्तर रात्री दोन वाजता पायांनी दिलं गेलं. त्यावर कोणी बारकाईनं लिहावं, अशी माझी फार इच्छा आहे.

जर्नलचा प्रभाव मोजतात कसा? इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे काय?

समजा, एका जर्नलनं २०२३ आणि २०२४ मिळून ६० लेख छापले. २०२५ या वर्षात इतर शोधनिबंधांनी त्या लेखांचा ९० वेळा संदर्भ दिला. ९० भागिले ६० म्हणजे दीड. त्या जर्नलचा २०२५चा इम्पॅक्ट फॅक्टर १.५. बस, एवढंच गणित आहे. हा आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी आपल्या वार्षिक अहवालात देते. कल्पना मुळात युजीन गारफिल्ड यांची.

स्कोपस या संदर्भसूचीचा साइटस्कोर याच जातीचा, फक्त तो दोनऐवजी चार वर्षांचा हिशेब धरतो. एच-इंडेक्स हॉर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. ज्याच्या दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ मिळालेत आणि अकरा लेखांना अकरा मिळालेले नाहीत, त्याचा एच-इंडेक्स दहा. तो व्यक्तीचाही काढतात, जर्नलचाही.

यातल्या एकाही आकड्याला लेख बरोबर की चूक, खोल की उथळ, ते कळत नाही. कोणी किती वेळा नाव घेतलं एवढंच कळतं. एखाद्या लेखाची चूक दाखवण्यासाठी पन्नास जणांनी त्याचं नाव घेतलं तरी आकडा वाढतोच.

मेडिकलच्या जर्नल्सचे आकडे तिप्पट-चौपट नव्हे, पन्नासपट असतात. मग आपली जर्नल्स हलकी का?

हलकी अजिबात नाहीत. राजकीय तत्त्वज्ञानातल्या नावाजलेल्या जर्नल्सचे आकडे एकेरीत आणि तेही खालच्या बाजूला असतात, याची कारणं विषयाच्या स्वभावात आहेत. वैद्यकात एका लेखावर दहा-वीस नावं असतात, संदर्भांची यादी लांब असते आणि कालचा निष्कर्ष आज वापरला जातो. आपल्याकडे एकच माणूस दोन-दोन वर्षं एका युक्तिवादावर घालवतो, तो तज्ज्ञांच्या परीक्षणात आणखी वर्षभर राहतो आणि कोणी त्याला उत्तर लिहीपर्यंत दोन वर्षांची खिडकी बंद झालेली असते. शिवाय आपल्या विषयात पुस्तकांचं वजन मोठं आहे. चर्चा लेखातून पुस्तकात आणि पुस्तकातून परत लेखात येते. मानव्यविद्यांच्या कितीतरी जर्नल्सना तर २०२३ पर्यंत इम्पॅक्ट फॅक्टर दिलाच जात नव्हता.

म्हणून पदोन्नतीच्या मुलाखतीत कोणी तुमच्या जर्नलचा १.८ हा आकडा पाहून नाक मुरडलं, तर शांतपणे सांगा की त्याच विषयातल्या इतर जर्नल्सशी तुलना करा. क्रमवारीतला चतुर्थांश, म्हणजे आपल्या विषयाच्या यादीत जर्नल कितव्या पाव भागात आहे ते, त्यासाठीच देतात. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या सॅन फ्रान्सिस्को घोषणापत्रानं, म्हणजे ‘डोरा’नं, जर्नलच्या आकड्यावरून माणसाचं किंवा एका लेखाचं मूल्यमापन करू नये असं स्वच्छ म्हटलं आहे. त्याची छापील प्रत फाइलला लावून ठेवायला हरकत नाही.

आकडा सोडला तर खरा प्रभाव ओळखायचा कशावरून?

एक गोष्ट सांगतो. नोव्हेंबर १९७१. पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात येत होते. अन्न नव्हतं, निवारा नव्हता, औषधं नव्हती. ते पाहून पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तरुणानं एक लेख लिहिला. तो १९७२ मध्ये ‘फिलॉसॉफी अँड पब्लिक अफेअर्स’ या तेव्हा नुकत्याच सुरू झालेल्या जर्नलमध्ये आला. युक्तिवाद इतका साधा की शाळकरी पोरालाही कळावा. उथळ तळ्यात बुडणारं मूल दिसलं तर कपडे चिखलात माखतील म्हणून आपण थांबतो का? मग दूरवर उपाशी मरणारं मूल केवळ दूर आहे म्हणून वेगळं कसं?

या लेखाचं पुढे काय झालं पाहा. गेली पन्नासहून अधिक वर्षं तो जगभरच्या वर्गांत शिकवला जातोय. उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा परिणामकारक दानाला देणाऱ्यांची एक चळवळच त्यातून उभी राहिली. त्याला विरोध करणाऱ्यांनी ग्रंथ लिहिले. दान हा उपायच चुकीचा, प्रश्न व्यवस्थेचा आहे, असं म्हणणाऱ्यांनाही आधी त्या तळ्यापाशी यावं लागतं. दोन वर्षांच्या मोजपट्टीत यातलं किती मावलं असतं?

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईतून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चं. राज्यशास्त्रज्ञ गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये तिथे विचारलं की भारतातल्या सामाजिक शास्त्रांत समता किती आहे? सिद्धान्त मांडायचा काहींनी आणि अनुभव, माहिती पुरवायची इतरांनी, अशी जातीसारखीच विभागणी ज्ञानातही झाली आहे, हे त्यांनी दाखवलं. तत्त्वज्ञ सुंदर सरुक्काई यांनी त्याला उत्तर दिलं, वाद वाढत गेला आणि २०१२ मध्ये दोघांचं मिळून पुस्तक झालं. अनुभव ज्याचा आहे त्यालाच सिद्धान्ताचा हक्क आहे का, हा प्रश्न आता टाळून भारतात कोणाला सामाजिक शास्त्र शिकवता येत नाही. दलित घरातून आलेली, पहिल्या पिढीची एखादी विद्यार्थिनी हा लेख वाचते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मी वर्गात पाहिलं आहे. तिनं मान वर केली आणि विचारलं, “सर, म्हणजे मी नुसता डेटा नाही ना?”

माझी कसोटी ही : लेख वाचल्यानंतर जुना प्रश्न जुन्या पद्धतीनं विचारता येतो का? येत नसेल, तर त्या लेखाचा प्रभाव आहे. असे लेख एखाद्या जर्नलमध्ये दर दोन-चार वर्षांनी येत असतील, तर ते जर्नल मोठं.

कोणत्या जर्नल्सवर लक्ष ठेवावं?

शिकागोहून निघणारं ‘एथिक्स’ सगळ्यात जुनं, १८९०चं. ‘फिलॉसॉफी अँड पब्लिक अफेअर्स’ १९७१चं, ‘पोलिटिकल थिअरी’ १९७३चं, ‘जर्नल ऑफ पोलिटिकल फिलॉसॉफी’ १९९३चं. पण यातल्या दोघांबद्दल अलीकडची घडामोड माहीत असायलाच हवी.

‘जर्नल ऑफ पोलिटिकल फिलॉसॉफी’चे संस्थापक-संपादक रॉबर्ट गुडिन यांना प्रकाशक वायलीनं २०२३ मध्ये दूर केलं. संपादकीय मंडळातल्यांनी राजीनामे दिले, शेकडो अभ्यासकांनी तिथे लेख पाठवणार नाही, परीक्षण करणार नाही असं जाहीर केलं. २०२४ मध्ये ‘पोलिटिकल फिलॉसॉफी’ हे नवं जर्नल ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीज या ना-नफा प्रकाशकातर्फे सुरू झालं. त्याच वर्षी ‘फिलॉसॉफी अँड पब्लिक अफेअर्स’च्या संपादकांनीही एकमुखानं राजीनामे दिले आणि ‘फ्री अँड इक्वल’ या नव्या जर्नलची घोषणा केली. मुद्दा प्रकाशन व्यवसायाचा होता : प्रकाशकाला जास्त लेख हवे असतात, कारण लेखकाकडून शुल्क घेऊन लेख सगळ्यांना मोफत वाचायला खुला करायचा म्हटलं की प्रत्येक लेखामागे हजारो डॉलर मिळतात. संपादकांना मोजके आणि पारखलेले लेख हवे असतात. नव्या दोन्ही जर्नल्समध्ये वाचकाला पैसे नाहीत, लेखकालाही नाहीत.

यातून आकड्याबद्दल एक फार उघड गोष्ट दिसते. जुन्या नावाचा इम्पॅक्ट फॅक्टर जुन्या नावापाशीच राहतो आणि ज्यांनी ते नाव कमावून दिलं ती माणसं शून्य आकडा घेऊन शेजारी नवं दुकान मांडतात. तुम्ही आकडा पाहून लेख पाठवणार असाल तर चुकीच्या दारात उभे राहाल.

यूजीसी केअर यादी अजून चालते का?

नाही. २०१८ च्या अखेरीस जाहीर झालेली केअर व्यवस्था, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, यूजीसीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता जर्नल पारखायची जबाबदारी संस्थांवर आणि अभ्यासकांवर आहे, यूजीसी मार्गदर्शक निकष देते. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापून आणायची सक्तीही २०२२ च्या नियमांनी काढली, पण विद्यापीठाचे स्वतःचे नियम असू शकतात. तुमच्या रिसर्च सेंटरला लेखी विचारा, तोंडी उत्तरावर विसंबू नका.

“४८ तासांत छापून देतो, फक्त अडीच हजार” असा मेल आलाय. पाठवू का?

नका पाठवू.

आमच्या गटातल्या एका मुलानं पाठवला होता. जर्नलच्या नावात ‘इंटरनॅशनल’ होतं, आयएसएसएन होता, इम्पॅक्ट फॅक्टर सात पूर्णांक काहीतरी लिहिलेला. घरून पैसे मागवून भरले. तिसऱ्या दिवशी लेख छापून आला, सोबत रंगीत प्रमाणपत्र. त्याच अंकात द्राक्षावरच्या भुरीवर एक लेख, बँकेच्या एनपीएवर एक आणि मध्ये याचा समतेवरचा. एका वाक्याचीही दुरुस्ती कोणी सुचवली नव्हती. मुलाखतीत त्या पेपरचा उपयोग तर झाला नाहीच, उलट चांगला लेख एकदा छापला गेल्यामुळे तो दुसरीकडे पाठवताही येईना. दोन वर्षांची मेहनत होती ती. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण त्यानं पाठवण्याआधी विचारलं होतं आणि मी परीक्षेच्या गडबडीत होतो.

तेव्हापासून सांगतो : आयएसएसएन हा फक्त नोंदणी क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही. इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेटचा आहे का ते पाहा, कारण त्याच नावाचे बनावट आकडे विकत मिळतात. संपादक मंडळातल्या दोघा-तिघांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन त्या जर्नलचा उल्लेख आहे का ते बघा. आणि जुना एक अंक उघडून सलग तीन लेख वाचा. या शेवटच्या उपायाला तासभर लागतो, पण त्यात फसवणूक लपत नाही.

खऱ्या जर्नलला पाठवला तर काय होतं? किती थांबावं लागतं?

आधी संपादक स्वतः वाचतो. बहुतेक लेख तिथूनच परत येतात. उरलेले दोन परीक्षकांकडे जातात. लेखक कोण हे परीक्षकाला कळत नाही आणि परीक्षक कोण हे लेखकाला. काही ठिकाणी निर्णय घेणाऱ्या संपादकालाही नाव दिसत नाही. नाशिकच्या अभ्यासकासाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण तिथे ऑक्सफर्डचा पत्ता आणि सिडकोतला पत्ता दोन्ही झाकलेले असतात. चार-सहा महिने सहज जातात. अव्वल जर्नल्समध्ये शंभरातले नव्वदहून अधिक लेख नाकारले जातात, तेव्हा नकार आला म्हणून लेख वाईट असं समजू नका. परीक्षकाचा अभिप्राय मात्र दोनदा वाचा. पहिल्यांदा राग येतो.

नाशिकमध्ये बसून हे सगळं वाचायला कसं मिळणार?

‘सावाना’त, म्हणजे १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात, मराठी वैचारिक साहित्य भरपूर मिळेल, तिथून सुरुवात करा. इंग्रजी जर्नल्ससाठी आधी कॉलेजच्या ग्रंथपालांना एन-लिस्टचा, म्हणजे कॉलेजांना ऑनलाइन जर्नल्स आणि पुस्तकं मिळवून देणाऱ्या सेवेचा, लॉगिन मागा. तो बऱ्याच कॉलेजांत असतो आणि मुलांना माहीतच नसतो. केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स. ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे, तेव्हा आपली संस्था त्यात बसते का ते विचारा.

काहीच नसेल तरी अडत नाही. फिलपेपर्स या तत्त्वज्ञानाच्या लेखांच्या ऑनलाइन सूचीवर लेख शोधा, बरेचदा लेखकानं स्वतः ठेवलेली प्रत मिळते. स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश पूर्ण मोफत आहे. जेस्टोर या जर्नल्सच्या डिजिटल संग्रहावर मोफत खातं उघडता येतं. आणि लेखकाला सरळ दोन ओळींचा मेल लिहा. आमच्या गटातल्या वकीलसाहेबांनी असं लिहिलं तेव्हा सकाळी पीडीएफ आली होती, सोबत “नाशिकमध्ये हा लेख कोण वाचतंय हे कळलं तर आवडेल” अशी ओळही होती. त्या दिवशी ते चहाचे पैसे कोणाला देऊ देईनात.

मराठीत लिहिलं तर त्याला काही किंमत आहे का?

आहे, आणि परंपराही आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचं ‘नवभारत’ १९४७ पासूनचं. मे. पुं. रेगे यांनी त्याचं संपादन दीर्घकाळ केलं आणि कठीण तत्त्वज्ञान सरळ मराठीत कसं लिहावं याचा वस्तुपाठच घालून दिला. ‘परामर्श’ आणि ‘समाज प्रबोधन पत्रिका’ यांचे जुने अंक जिथे मिळतील तिथे चाळा. यातल्या कशालाही इम्पॅक्ट फॅक्टर नाही. पण महाराष्ट्रातल्या दोन पिढ्या त्यावर वाद घालत मोठ्या झाल्या.

मराठीत लिहिताना विचार तपासला जातो, हा माझा अनुभव आहे. इंग्रजीतल्या ‘लेजिटिमसी’ला परिभाषेत ‘अधिमान्यता’ म्हणतात. एकदा गटात मी हा शब्द वापरला तर मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, “म्हणजे लोकांनी मान दिलेली सत्ता, की मान द्यावा अशी सत्ता?” इंग्रजी लेख वाचताना हा फरक माझ्या नजरेतून निसटला होता. आम्ही लेख पुन्हा पहिल्यापासून वाचला, आणि लेखक स्वतःच तिसऱ्या भागात एका अर्थावरून दुसऱ्यावर घसरला होता.

मी विद्यार्थी नाही, प्राध्यापक नाही. कांदा पिकवतो. मला यात काय आहे?

निफाडकडच्या काकांनी पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली आणि लासलगावचे भाव कोसळले, त्यानंतरचे ते दिवस होते. मी त्यांना वाटणीच्या न्यायावरचा एक लेख मराठीत समजावून सांगितला. शहरातल्या गरिबाला कांदा परवडला पाहिजे हे खरं, समाजानं त्याची जबाबदारी घ्यावी हेही खरं, पण त्या जबाबदारीचा खर्च एकाच गटावर, तोही स्वतः गरीब असलेल्या, का टाकायचा? सगळ्यांच्या कराच्या पैशातून का नाही?

काका ऐकून घेत होते. मग म्हणाले, “सर, तुमच्या त्या लेखात शेतकरी एकच दिसतो. कांदाचाळ बांधायची ऐपत असलेला माझ्यासारखा माल धरून ठेवतो, आणि ज्याच्याकडे चाळ नाही त्याला काढला की विकावाच लागतो. बंदीचा मार दोघांना सारखा बसत नाही. मग भरपाई कोणाला किती, ते त्या लेखात कुठं आहे?”

लेखात ते नव्हतं. वकीलसाहेबांनी वहीत लिहून घेतलं, एम. ए.च्या एका मुलीनं त्यावर टिपणं काढायला घेतली, आणि येत्या रविवारी ती आमच्यापुढे पहिला खर्डा वाचणार आहे. काकांनी साडेदहाची वेळ मागितली आहे, सकाळी मार्केटला गाडी लावून यायचं असतं.